कप्तान उमाकोशींचं अक्षर

कप्तान उमाकोशी चौदा महिन्यांत तिसऱ्यांदा तीच तक्रार घेऊन आले, तेव्हा मे महिन्यातला दुसरा शनिवार होता. दुकानात पेनांच्या टेबलाशी दुसरं कुणी नव्हतं.

"अजून जाडच लिहिते ही निब," म्हणत त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "माझ्या नावातला घोडा बघा. चारी पाय एकमेकांत मिसळतात."

"बसला असेल दमून," टेबलामागून तोमोए-सान म्हणाल्या.

"बसलेला नाही, मेलाय. पुन्हा घासा. सुईसारखी करा."

जपानी लिपीत उमाकोशी या नावाचं पहिलं अक्षर म्हणजे घोडा. त्याच्या पोटाखाली चार ठिपके काढायचे असतात, ते पाय. अक्षर लहान आणि निब जाड असली की पायांचा चिखल होतो. तक्रार तशी खोटी नव्हती.

कुरे शहरात विटांच्या रस्त्यावर आमचं लेखनसाहित्याचं दुकान आहे. मी सुनादा, त्याचा मालक. वह्या, रबरी शिक्के, लग्नात आणि मयताला पैसे द्यायची पाकिटं यांवर दुकान चालतं. शाईची पेनं ही माझी हौस. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आणि रविवारी खिडकीजवळच्या टेबलाशी कामिगाकी तोमोए बसायच्या आणि लोकांच्या निबा दुरुस्त करून द्यायच्या. नदीपलीकडे पूर्वी एक लहानसा पेनांचा कारखाना होता, तो केव्हाच बंद पडला. तिथल्या निब विभागात त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती. टेबलावर त्यांचं सामान थोडंच असे: डोळ्याला लावायचं भिंग, घासायची चिमुकली चक्री, निबेच्या फटीतून फिरवायचा तांब्याचा कागदाहून पातळ पत्रा, पाण्याची वाटी, आणि एका तबकात वीसेक पेनं, प्रत्येकाची निब वेगळ्या घडणीची.

त्यांची पद्धत ठरलेली होती. माणूस आला की आधी त्याला एक कोरं कार्ड द्यायचं आणि स्वतःचा पत्ता आणि नाव लिहायला सांगायचं. कारण पत्ता लिहिताना माणूस विचार करत नाही. विचार न करता चाललेला हात त्यांना बघायचा असे. पेन तो किती उभं धरतो, कुठल्या बाजूला कलवतो, दाबतो की नुसतं फिरवतो, हे बघून मग तबकातलं एखादं पेन त्या पुढे करायच्या.

एकदा एक दंतवैद्य आले. "अक्षर सुंदर दिसेल अशी निब द्या," म्हणाले.

"तुम्ही नवे दात बसवले की माणूस गोड बोलायला लागतो का हो?" तोमोए-सानांनी विचारलं.

तरी त्यांना तासभर बसवून त्यांनी सगळं तबक दाखवलं. टोक किंचित वर वळलेली निब, पेन फार उभं धरणाऱ्यांसाठी. टोक तिरकं कापलेली, पेन फिरवून धरणाऱ्यांसाठी. दोन फटी आणि तीन पाती असलेली, पूर्वी गाण्याचे सूर कागदावर मांडण्यासाठी निघालेली, जी उभी रेघ जाड आणि आडवी बारीक काढते. आणि तलवारीच्या पात्यासारखी लांब उतरती घासलेली, जी पेन उभं धरलं तर बारीक लिहिते आणि आडवं केलं तर जाड. दंतवैद्यांनी शेवटी साधी मध्यम निब घेतली. तोमोए-सानांना ते आधीच ठाऊक होतं. पण माणसानं सगळ्या निबांना नाही म्हटल्याशिवाय त्याला आपली निब सापडत नाही, असं त्यांचं मत होतं.

कप्तान उमाकोशींना मात्र पहिल्याच भेटीत तलवारीची निब मिळाली होती. त्याला आठ वर्षं झाली होती. ते आमच्याकडच्या समुद्रातले वाटाडे होते. परदेशी मोठी जहाजं या बेटांच्या गर्दीतून स्वतःच्या भरवशावर येऊ शकत नाहीत. वाटाड्या लहान बोटीनं जाऊन दोराच्या शिडीनं जहाजावर चढतो, परक्या कप्तानाशेजारी उभा राहतो आणि सामुद्रधुनीतून जहाज आत आणतो. उमाकोशी स्वतः तेवीस वर्षं मालवाहू जहाजांवर होते, म्हणून सगळं गाव त्यांना कप्तानच म्हणे. जहाजावर उभ्याउभ्या तळहाताएवढ्या वहीत ते नोंदी करत, तेव्हा पेन उभं असे. घरी टेबलाशी बसून सविस्तर लिहीत, तेव्हा पेन आडवं. दोन्ही कामं एका निबेत व्हायला हवी होती. तोमोए-सानांनी ती निब तीन शनिवार घासली. त्यानंतर कप्तान दर वर्षी पेन साफ करून घ्यायला येत, आणि दर वेळी पत्त्याचं एक कार्ड लिहून जात.

मागच्या वर्षी मार्चमध्ये त्यांनी पहिल्यांदा निब बारीक करून मागितली. तोमोए-सानांनी करून दिली. ऑक्टोबरमध्ये पुन्हा मागितली. पुन्हा करून दिली. आता ही तिसरी खेप.

तोमोए-सानांनी भिंगातून निब पाहिली. नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिली. मग म्हणाल्या, "पेन ठेवून जा, कप्तान. उद्या अकरा वाजता या."

"उद्यापर्यंत? आज गर्दी तर काहीच नाही."

"मला वेळ लागतो. म्हातारी झाले."

"माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहात," म्हणाले आणि गेले. ते तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते.

संध्याकाळी पाचच्या सुमारास तोमोए-सानांनी मला हाक मारली. टेबलावर त्यांनी कप्तानांची अकरा कार्डं एकाखाली एक मांडली होती. त्या जुनी कार्डं जपून ठेवतात हे मला माहीत होतं. पण अशी मांडलेली मी कधी पाहिली नव्हती. पत्ता तोच, नाव तेच. वरच्या कार्डावर पत्त्याची ओळ कार्डाच्या काठापर्यंत पोचली होती. आजच्या कार्डावर तीच ओळ निम्म्यातच संपली होती. आणि एकेक ओळ नीट पाहिली तर पहिलं अक्षर बरं होतं, दुसरं त्याहून लहान, आणि शेवटी शेवटी मुंग्या.

"वय झालं की माणूस आखडतोच," मी म्हणालो.

"वयानं अक्षर हलतं, वाकडं होतं. असं पायरी-पायरीनं लहान होत नाही. दोनदा मी निब बारीक करून दिली, सुनादा-सान. निब जाड नव्हतीच. अक्षर लहान होत होतं."

"मग?"

"हे मी आधी पाहिलंय."

त्या सांगायला लागल्या. कारखान्यात ओकिमोतो नावाचे त्यांचे गुरू होते. शेजारच्याच खुर्चीत बसायचे. घासून झालेल्या निबांच्या प्रत्येक तबकावर ते चिठ्ठी लिहीत: तारीख, निबेची जात, स्वतःचं नाव. दोन वर्षं त्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर लहान लहान होत गेलं. कंपवाताची ती सुरुवात होती. हात कापायच्या कितीतरी आधी अक्षर आक्रसतं, हे त्यांना फार नंतर कळलं. पण काहीतरी बिघडतंय, हे शेजारी बसून रोज दिसत होतं.

"तुम्ही तेव्हा लहान होतात," मी म्हणालो. "गुरूला असं कसं सांगणार?"

"तसं नव्हतं ते. त्यांच्यानंतर ती खुर्ची मला मिळणार होती. मला ते माहीत होतं. मी चौतीस वर्षांची होते." त्यांनी कार्डं गोळा केली. "एका सकाळी त्यांच्याकडून चाळीस निबा वाकड्या घासल्या गेल्या. मग ते स्वतःच उठून खोकी बांधायच्या खोलीत काम मागायला गेले. डॉक्टरकडे गेले ते त्यानंतर दीड वर्षानं."

"आणि खुर्ची?"

"खुर्ची चांगली होती," तोमोए-सान म्हणाल्या.

मी त्यांना म्हणालो की आपण निबा विकतो, आपण डॉक्टर नाही. कप्तान मानी माणूस. आणि असलं काही निघालं तर त्यांचा परवाना जाईल. बोलायचं आणि चूक ठरायचं, तर आपण कुठले राहणार? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पहिलीतली मुलं वापरतात ती मोठ्या चौकोनांची वही आहे का, असं विचारलं. मी फळीवरून एक काढून दिली.

रविवारी कप्तान बरोबर अकराला आले. पेन त्यांच्यासमोर ठेवलेलं होतं.

"झालं?"

"आधी लिहून बघा. या वहीत. एकेका चौकोनात एक अक्षर, चौकोन भरून."

कप्तानांनी वहीचं मुखपृष्ठ पाहिलं. त्यावर ससा होता. "मला परत शाळेत घालताय?"

"एक ओळ लिहा फक्त."

त्यांनी लिहिलं. सावकाश लिहिलं, पण नीट. प्रत्येक चौकोन भरला. घोड्याचे चारही पाय सुटे सुटे दिसत होते.

"वा," कप्तान म्हणाले. "आता कशी सुरेख झाली!"

"मी हातच लावलेला नाही तिला. काल होती तशीच आहे. आता या कोऱ्या कागदावर लिहा."

कोऱ्या कागदावर पत्ता सुरू झाला तो बरा होता. चौथ्या अक्षरापासून उतरायला लागला. कप्तानांना ते लिहितानाच दिसलं असावं, कारण मध्ये एकदा त्यांनी जोर करून मोठं अक्षर काढलं. पुढची तीन पुन्हा लहान झाली. घोड्यापाशी पोचल्यावर त्यांनी पेन उचललं आणि नाव पुरं केलं नाही.

तोमोए-सानांनी अकरा कार्डं त्यांच्यासमोर मांडली.

कप्तानांनी ती पाहिली. नकाशे वाचण्यात आयुष्य गेलेला माणूस, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय म्हणायचंय?"

"आजाराचं नाव मी घेणार नाही. मी डॉक्टर नाही. पण निबेत दोष नाही, आणि मी ती आणखी घासणार नाही. घासून गेलेलं परत लावता येत नाही. ही कार्डं घेऊन हिरोशिमाला मेंदूच्या डॉक्टरकडे जा."

"मंगळवारी मला तीनशे मीटरचं जहाज आत आणायचंय."

"म्हणून तर आज बोलले."

कप्तान माझ्याकडे वळले. "सुनादा-सान, तुम्हीही वाचलीत वाटतं माझी कार्डं?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"छान दुकान आहे तुमचं. शाई घ्यायला आलेल्या माणसाची तपासणीही होते." त्यांनी पेन खिशात लावलं, ससा असलेली वही बाजूला सारली आणि बाहेर पडले. कार्डं टेबलावरच राहिली.

"द्या त्यांना," तोमोए-सान म्हणाल्या.

मी घाईत हाताला आलं ते पाकीट उचललं आणि त्यात कार्डं भरली. दारापर्यंत गेल्यावर दिसलं की ते मयताचं पाकीट होतं, काळ्या-पांढऱ्या दोऱ्याचं. परत येऊन साधं खाकी पाकीट घेतलं आणि धावलो. कप्तान सिग्नलपाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे न बघता पाकीट घेतलं आणि कोटाच्या आत ठेवलं. सिग्नल हिरवा झाला आणि ते रस्ता ओलांडून गेले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की चालताना त्यांचा उजवा हात हलत नव्हता. डावा हलत होता.

सोमवारी मी तोमोए-सानांना फोन केला.

"वाटाड्यांच्या संघटनेला कळवायचं का?"

"काय कळवणार? एका माणसाचं अक्षर लहान झालंय म्हणून?"

"मंगळवारी जहाज आहे, तुम्हीही ऐकलंत."

"ऐकलं. आठ वर्षं तो माणूस येतोय आपल्याकडे. आता त्याला माहीत आहे. माहीत असलेल्या माणसाला आपण किती दिवस द्यायचे, ते तुम्ही सांगा."

मग त्याच म्हणाल्या, "दहा दिवस. नाहीतर मी त्यांच्या घरी जाईन. सुमिए-सानांशी बोलेन." सुमिए म्हणजे कप्तानांची बायको.

मला ते पटलं नव्हतं. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण मीही कुठे फोन केला नाही, हेही खरं. मंगळवारी दिवसभर माझं लक्ष बंदराकडून येणाऱ्या भोंग्यांकडे होतं. बुधवारच्या वर्तमानपत्रात काही नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी कप्तान दुकानात आले. तोमोए-सान नव्हत्याच, वार मंगळवार होता. मी बार्लीचा थंड चहा पुढे केला. तो त्यांनी डाव्या हातानं घेतला.

"डॉक्टरकडे जाऊन आलो," ते म्हणाले. "कंपवात. सुरुवात आहे म्हणाले. औषधं दिलीत."

मी त्यांना खुर्ची ओढून दिली.

"तुमच्या बाईंच्या कार्डांमुळे गेलो असं समजू नका. कार्डं मी खणात टाकली होती." त्यांनी पेला खाली ठेवला. "मागच्या मंगळवारी शिडी चढून वर पोचलो. कठड्यावर हात टाकायचा, म्हणून दोर सोडायचा होता. हाताला म्हटलं सोड. त्यानं ऐकलं, पण विचार करून ऐकलं. दोन सेकंद असतील. खाली बोट लाटेवर वर-खाली होत होती. जहाजावरचा पोरगा वरून 'ओके, ओके' ओरडत होता. त्याला काही कळलं नाही."

"मग?"

"मग काय? चढलो. जहाज आत आणलं. व्यवस्थित आणलं. तेवढं लिहून ठेवा कुठेतरी, तुम्हाला कार्डांची हौस आहे. धक्क्यावर उतरल्या उतरल्या पाळीच्या फळ्यावरून माझं नाव स्वतः पुसलं. दुसऱ्या दिवशी खणातून पाकीट काढलं. डॉक्टरनं ती कार्डं टेबलावर पसरली आणि शेजारच्या दोघांना बोलावून दाखवली. मी पेशंट, आणि बघतायत कार्डं."

मी हसलो नाही. ते स्वतःच थोडे हसले.

"वास आधी जातो म्हणे या आजारात. तुम्हाला माहीत होतं? मागच्या वर्षी मी सुमिएला सांगत होतो, हल्ली डिझेल चांगलं मिळायला लागलंय, वासच येत नाही."

जाताना त्यांनी विचारलं, बाई पुढच्या शनिवारी असतात की त्याच्या पुढच्या. मी तारीख सांगितली.

जूनच्या त्या शनिवारी कप्तान आणि सुमिए-सान दोघं आले. सुमिए-सान ठेंगण्या, बोलघेवड्या. आल्या आल्या त्यांनी तोमोए-सानांना वाकून नमस्कार केला. कप्तानांनी केला नाही. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "डॉक्टर म्हणतायत, रोज मोठं लिहा. चौकोनांच्या वहीतच लिहा म्हणतायत. त्यांना तुमचा ससा आवडला. आता जाड निब द्या."

"तुमची जाड होणार नाही. ती मी दोनदा घासलीय," तोमोए-सान म्हणाल्या.

"ती मी घेते," सुमिए-सान मध्येच बोलल्या. "मला विणकामाचे नमुने उतरवून घ्यायला बारीकच लागते. यांनी आठ वर्षं हात लावू दिला नव्हता तिला."

"आता देतोय ना!"

"आता तुमच्या कामाची राहिली नाही म्हणून देताय."

तोमोए-सानांनी तबक पुढे ओढलं आणि त्यातून एक जाड, गोल टोकाची निब काढली. लोण्यासारखी चालणारी, शाई भरपूर सोडणारी. हात थरथरला, पेन कलंडलं, दाब कमी पडला, तरी लिहीत राहील अशी. अशा हाताला हीच निब हे त्यांनी आधीच ठरवलेलं होतं. कप्तानांनी ती वहीत चालवली. दोन ओळी लिहिल्या आणि तोंड वाकडं केलं.

"पाटीवरचं अक्षर दिसतं हे. सगळं सारखं जाड. दुसरं दाखवा."

तिरक्या कापाची निब त्यांच्या हातात कागदाला अडखळली. वर वळलेली त्यांना मिळमिळीत वाटली. मग त्यांनी स्वतःच तबकातून तीन पात्यांची निब उचलली, सुरांच्या लिखाणाची. त्या निबेनं घोडा लिहिला. आडव्या रेघा बारीक आल्या, उभ्या रुंद, आणि घोड्याच्या मानेवर आयाळ असल्यासारखं काहीतरी दिसलं.

"ही," कप्तान म्हणाले.

"ती नाही," तोमोए-सान म्हणाल्या. "तिचे कोपरे धारदार असतात. हात स्थिर लागतो. आज चालेल, वर्षभरानं कागद फाडाल."

"वर्षभरानंतरचं तुम्ही आजच बघताय. मागच्या महिन्यात पुढचं बघितलंत तेवढं पुरे झालं."

"मी निबेबद्दल बोलतेय."

"मीही निबेबद्दलच बोलतोय. माझा हात, माझी निब. कोपरे रुततात तर कोपरे काढा. तुमचं कामच आहे ते."

"कोपरे काढले तर रेघेची मजा जाते."

"थोडी जाऊ दे. सगळी नको."

सुमिए-सान माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घरी माझ्याशीही असंच. औषधाची गोळी अर्धी केली तर चालेल का म्हणून घासाघीस."

तोमोए-सानांनी भिंग लावलं. दीड तास त्या घासत होत्या. चक्रीवर जेमतेम टेकवायचं, मग मऊ कागदावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवायचं, पाण्यात बुडवायचं, तांब्याचा पत्रा दोन्ही फटींतून ओढायचा, कप्तानांच्या हातात द्यायचं. ते चार अक्षरं लिहीत. पेन कुठे अडतं हे त्या कानानं ऐकत. पुन्हा भिंग. अशा पाच फेऱ्या झाल्या. आतापर्यंत मी त्यांना एका निबेवर एका बैठकीत इतका वेळ घालवताना पाहिलं नव्हतं. मध्ये एक बाई शाळकरी मुलासाठी कंपास घ्यायला आली, ती कंपास विसरून बघत उभी राहिली. सहाव्यांदा कप्तानांनी पूर्ण पत्ता लिहिला, चौकोनांत, खाली नाव लिहिलं, आणि पेनाचं टोपण लावून ते खिशात ठेवलं. बरी आहे, वाईट आहे, काही बोलले नाहीत. सुमिए-सान मात्र तीनदा आभार मानून गेल्या.

ते गेल्यावर मी विचारलं, "ओकिमोतोंचं सांगणार आहात का त्यांना?"

"त्यांना कशाला? ते माझं आहे." त्या चक्री पुसायला लागल्या.

कप्तान त्यानंतर दर महिन्याला येत राहिले. पत्त्याचं कार्ड लिहीत, त्याची एक नक्कल डॉक्टरकडे जाई. रोज दोन पानं लिहायची असं त्यांनी ठरवलं होतं. काय लिहायचं हा प्रश्न होता, म्हणून त्यांनी वाटेतले खडक, दीपस्तंभ आणि भूशिरं यांची नावं, जहाज आत येताना लागतात त्या क्रमानं, आठवणीतून लिहायला घेतली. मग प्रत्येक ठिकाणी भरतीच्या वेळी पाणी कुठे ओढतं, ते. मग त्या ठिकाणी त्यांच्यावर काय प्रसंग आले, ते. संघटनेतला एक तरुण वाटाड्या वह्या बघायला म्हणून त्यांच्याकडे गेला आणि मग दर आठवड्याला जायला लागला. मी ससा असलेल्या वह्या जास्त मागवायला लागलो.

पहिलं वर्ष औषधानं अक्षर चांगलं सुधारलं. दुसऱ्या वर्षी तसंच राहिलं. तिसऱ्या वर्षी निब कागदात रुतायला लागली, तोमोए-सान म्हणाल्या होत्या तशीच, फक्त त्यांच्या अंदाजापेक्षा दोन वर्षं उशिरा. त्यांनी कोपरे आणखी उतरवले. कप्तानांनी या वेळी घासाघीस केली नाही. चौथ्या वर्षीच्या हिवाळ्यात त्यांनी लिहिणं थांबवलं. पुढचं ते बोलत आणि सुमिए-सान बारीक निबेनं लिहून घेत. अठ्ठावीस वह्या झाल्या होत्या.

त्या हिवाळ्यातल्या एका शनिवारी दोघं शाई घ्यायला आली. कप्तानांचा चेहरा आता फारसा हलत नव्हता, आवाजही बसला होता. सुमिए-सान निळ्या रंगाच्या अकरा बाटल्यांसमोर उभ्या राहून कुठली घ्यावी या विचारात होत्या. कप्तान नेहमीच्या खुर्चीत बसले आणि बराच वेळ तोमोए-सानांचे हात बघत राहिले.

"एक विचारू?" ते म्हणाले. "त्या रविवारी काही न बोलता निब बारीक करून दिली असतीत तर?"

तोमोए-सानांनी भिंग काढलं आणि थोडा विचार केला. "तर ती निब फार सुरेख झाली असती. तसल्या बारीक निबा मला छान जमतात."

कप्तानांचे खांदे हलले. चेहऱ्यावरून कळलं नसतं, पण ते हसत होते.

"मी तुम्हाला तेव्हा बरंच बोललो," ते म्हणाले.

"हो. बोललात."

तोमोए-सानांनी पुढचं पेन उचललं.

सुमिए-सानांनी शेवटी हिरवट छटेची निळी बाटली घेतली. मी ती कागदात गुंडाळून दिली आणि दार उघडून धरलं. बाहेर शनिवारची वर्दळ होती. कप्तान उंबऱ्यापाशी आले आणि त्यांचे पाय अडले. असं होतं म्हणे, दारात पाऊल चिकटून बसतं. मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबली. मी त्यांचा दंड धरायला पुढे झालो, तर सुमिए-सानांनी मानेनंच नको म्हटलं.

"हं, एक," त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि स्वतः एक पाऊल पुढे टाकलं.

कप्तानांचं पाऊल उचललं.

"दोन. तीन."

विटांच्या रस्त्यावरून दोघं बसथांब्याच्या दिशेनं निघाली. लोक वळून बघत होते. सुमिए-सान कुणाकडे न बघता, बाजारात भाव विचारावेत तशा खणखणीत आवाजात मोजत होत्या, आणि तो आवाज औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत मला ऐकू येत होता.